बसलेल्या गळ्याची गिटार

मधूदादा, तुझ्या शोकसभेत मी गायले नाही. रोह्याच्या त्या हॉलमध्ये पुढच्याच रांगेत बसले होते. माइकवरून माझं नाव दोनदा पुकारलं आणि मी जागची हलले नाही. तिसऱ्यांदा तो गृहस्थ म्हणाला, "सुगंधाताईंनी आपल्या त्या खास धुरकट आवाजात मधूभाऊंना निरोप द्यावा." तेव्हा मी उठले, माइकपाशी गेले, म्हटलं, "तो आवाज माझा नाही. नमस्कार." आणि परत येऊन बसले. आता पेणपासून रोह्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की मधूचा तेरावा झाला नाही तोच बाई उलटली.

म्हणू देत. मी उलटले नाही. तो आवाज कुठून आला हे तुला ठाऊक होतं, आपल्या साथीदार रियाझला ठाऊक आहे आणि मला. बाकीच्यांनी बावीस वर्षं टाळ्या वाजवल्या. आता तू गेलास आणि माझ्यापुढे एकच प्रश्न उभा आहे: तुझ्याबरोबर ज्या आवाजात गायले त्याच आवाजात उरलेलं आयुष्य गायचं, की माझ्या स्वतःच्या? हा प्रश्न मी तुझ्या फोटोपुढे, हार घातलेल्या फोटोपुढे, सोडवणार नव्हते. फोटोशी भांडता येत नाही.

माझी आई धवलारीण. तू जिथे जायचास तिथे लोकांना समजावून सांगायचास, की आमच्या आगरी लग्नात मांडवाचा खांब पुरण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी धवलारीण भटजीपेक्षा मोठी. तिने धवला म्हटला नाही तर लग्न लागलं असं आमच्या म्हाताऱ्या मानत नाहीत. माझ्या आईने गडबच्या आसपासच्या किती गावांत लग्नं लावली त्याला मोजदाद नाही. लुगडं-नारळ घेऊन घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लावणीला किंवा मळणीला शेतात. तिला कोणी कधी गायिका म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा तू म्हणालास.

तू आमच्या ओटीवर आलास तो वैशाख होता. धाटावच्या रंगाच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून तसाच स्कूटरवर आला होतास. नखं निळी, खांद्याला टेपरेकॉर्डर.

आईने विचारलं, "कोनाचा रं तू?"

"निडीचा, मावशी. गिटार बनवतो. तुमचा धवला ऐकायचाय."

"मांडव कुठं हाय?"

"मांडव नाय."

"मग धवला कसा म्हनू? बिनमांडवाचा धवला म्हंजे बिनमढ्याचं रडनं."

तू हात जोडून बसून राहिलास. तासभर. शेवटी तिलाच दया आली. अंगणात सुपारीचं खोड पडलं होतं, ते तिने मला धरून उभं करायला लावलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "हा झाला खांब." आणि गायली. ती त्या आठवड्यात लागोपाठ तीन लग्नं करून आली होती. गळ्यातून हवा जास्त आणि सूर कमी येत होता. तू डोळे मिटून ऐकत होतास आणि मी खोड धरून अवघडून उभी होते. मी तेव्हा डी.एड. करत होते, मला या सगळ्याची थोडी लाजच वाटत होती.

सहा महिन्यांनी तू परत आलास. हातात तुझी पहिली खरी गिटार, शिवणीच्या लाकडाची, मान नेहमीच्या गिटारीपेक्षा चार बोटं लांब. म्हणालास, मावशीच्या सुराला साधी गिटार पोचत नाही, त्यांचा सूर खाली आहे, म्हणून मान लांब केली, जाड तारा लावल्या. सगळं माप आईच्या आवाजावरून. तू वाजवलीस. काय खोल वाजली ती! चुलीवरची भांडी घुमली. मग आईने धवला सुरू केला आणि दोघं दोन वेगळ्या गावांना निघाले. तू थांबलास, पुन्हा सुरू केलंस, पुन्हा तेच. तारा ताणून पाहिल्यास, एक तटकन तुटली.

आईच्या लक्षात आलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अरं बाबा, त्या दिवशी माजा गला बसला व्हता!"

शेजारच्या बायका आल्या होत्या, त्याही हसल्या. मीही. सहा महिने कानस आणि पटाशी घासून तू एका घशाच्या सुजेचं माप घेतलं होतंस. दुसरा कोणी असता तर ओशाळून गेला असता, घरी जाऊन मान कापून आला असता. तुझा चेहरा आधी पडला, मग हळूहळू तो ताठ झाला. पुढे आयुष्यभर पाहिला तो ताठा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"मग तो बसलेला गलाच खरा," तू म्हणालास. "तीन मांडव उभं करून जो बसतो, तो गला खरा. आराम करून सुधारलेला नाय."

आणि त्यानंतर तू जेवढ्या गिटारी केल्यास, सगळ्या चार बोटं लांब.

तुझ्या या हट्टावर मी फिदा होते, ते आधी कबूल करते. कंपनीतली नोकरी सोडून तू रोहा-अष्टमीच्या रस्त्याला पत्र्याची शेड घेतलीस तेव्हा गाव म्हणालं, याला वेड लागलंय. फणसाच्या लाकडाची गिटार केलीस, खाडीतल्या मोडक्या होडीच्या फळीची केलीस. मिठाचं पाणी पिऊन पिऊन फळी वेगळी बोलते म्हणायचास. ती दुसऱ्या पावसाळ्यात उभी चिरली, तर म्हणालास, बोलून बोलून दमली. पेणच्या संगीत क्लासवाल्या सरांनी सहा गिटारी मागितल्या, फक्त माना जरा आखूड कराव्यात, मुलांचे हात पोचत नाहीत. तू म्हणालास, "सर, मुलांना वाढू द्या." त्यांनी परत फोन केला नाही. मुंबईचा कोणी मोठा वादक आला, त्यालाही तेच. लोक म्हणत, मधू आपलंच घोडं दामटतो. दामटायचासच. पण दुसऱ्याचं घोडं दामटून कोणाचं काय भलं झालंय?

मग रियाझ आला. दहा वर्षं आखातात काढून परत आलेला, खोक्यात एक इकोचं मशीन घेऊन. त्याच्या आईला वाटलं पोराने मिक्सर आणला. त्याने तुझ्या गिटारीची वायर त्यात खोचली आणि आईचा पाच मिनिटांचा धवला वीस मिनिटांचा झाला. एक ओळ म्हटली की ती जायची, भिंतीला लागून परत यायची, परत जायची. शहरातले लोक त्याला सायकेडेलिक म्हणाले. आईने विचारलं, "यो कंचा ताप?" तू म्हणालास, "तापच हाय, मावशी. ताप भरला की भिंत कशी हालते, तसा धवला हालवायचा." आई म्हणाली, "मंग पथ्य पाल." पण ती ऐकत बसली, शेवटपर्यंत. गावातल्या बायका मात्र म्हणाल्या, ह्याचा धवला सरंपर्यंत नवरानवरी म्हातारी व्हतील.

आईचा आवाज पुढे वयाने थकला आणि तू मला उभं केलंस. शाळा सुटली की मी पेणहून एसटीने यायची. पहिल्याच तालमीत मला कळलं की तुझ्या गिटारीचा सूर माझ्या गळ्याच्या तळाच्याही खाली आहे. मी तिथे गाऊ शकत नव्हते. मी तिथे पुटपुटत होते. अर्धं बोलायची, अर्धा श्वास सोडायची, मधेच सूर सुटायचा, आणि रियाझचं मशीन त्या सगळ्याला घुमवून घुमवून वर आणायचं. मला वाटलं, पहिल्या कार्यक्रमानंतर लोक अंडी मारतील.

पेपरात छापून आलं: खोल, गूढ, धुरकट आवाज. आठवतं? मी शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. रियाझ हसून हसून जमिनीवर बसला. तुझा चहा लाकडाच्या भुशात सांडला. "धुरकट!" मी म्हटलं, "अरे, पोचत नाही माझा आवाज तिथे, म्हणून धूर निघतो." मग तू एकदम गंभीर झालास. "बघ," म्हणालास, "बसलेला गला लोकांना कलतो."

तेव्हाच म्हणायला हवं होतं, की दादा, आईचा गळा तीन मांडव करून बसला होता, माझा काहीच न करता बसवला जातोय. म्हटलं नाही. मूग गिळून बसले. भीतीने नाही. खरं सांगू? मला आवडलं होतं. शाळेत मी तिसरी 'ब'ची सुगंधाबाई. तीस पोरांपलीकडे माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. आणि इथे अनोळखी बायका येऊन हात हातात घेत होत्या, म्हणत होत्या, तुमच्या आवाजात काय दुःख आहे हो. दुःख कुठलं, नुसती ओढाताण. पण मी मान हलवायची. त्या खोट्यात माझा वाटा तुझ्याइतकाच आहे आणि तो मी तुझ्यावर ढकलत नाही.

एक मात्र मला सलत राहिलं. हळदीच्या कार्यक्रमांना आपण वाजवायचो, बायका समोर बसायच्या, त्यांना हे धवले तोंडपाठ, आणि एकही बाई बरोबर गायची नाही. ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. तू म्हणायचास, भारावून जातात. मी त्यांच्यातलीच आहे, दादा. त्या भारावत नव्हत्या. त्यांना तिथे पोचता येत नव्हतं.

हेच मी तुला शेवटच्या भांडणात सांगायला आले होते. तू शेडमध्ये एका गिटारीच्या मानेवरच्या पट्ट्या घासत होतास. मी म्हटलं, "दादा, एक गिटार माझ्या मापाची कर. एकच."

तू वर न बघता म्हणालास, "तुजा गला बसव मापात. लाकूड नाय बसत."

"बावीस वर्षं बसवला."

"मग आनि थोडी वर्षं."

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "तू आईच्या सुजलेल्या घशाला देव करून बसलायस. चूक झाली होती तुझी. चूक! म्हण ना एकदा."

तू कानस खाली ठेवलीस. माझ्याकडे बघितलंस. रागाने नव्हे, ते जास्त वाईट होतं. म्हणालास, "नको गाऊस मग."

"नाही गात," मी म्हटलं आणि निघाले. एसटी चुकली म्हणून रियाझने मला गाडीवर नागोठण्यापर्यंत सोडलं. वाटेत तो म्हणाला, "ताई, सकाळपर्यंत दोघं थंड व्हाल." मीही तेच धरून चालले होते. आपली भांडणं कधी दोन आठवड्यांच्या वर टिकली नव्हती. हे टिकलं सोळा दिवस आणि सतराव्या दिवशी रियाझचा फोन आला.

माझ्यावर ते ओझं आहे असं कोणी समजू नये. मी म्हटलं ते खरं होतं आणि आजही खरं आहे. मेलेल्या माणसाची चूक त्याच्याबरोबर जळत नाही. मला वाईट एवढंच वाटतं, की तुला उत्तर द्यायला रियाझ म्हणाला ती सकाळ मिळाली नाही. तू काहीतरी भन्नाट बोलला असतास, मी चिडले असते आणि आपण पुन्हा तालमीला बसलो असतो.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी तुझ्या बायकोने, वहिनीने, शेडची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "तूच उघड गो. मना जमनार नाय." मी आत गेले. टेबलावर तीच गिटार होती, त्या दिवशी घासत होतास ती. पूर्ण झालेली, पॉलिश तेवढं राहिलेलं, तारा नाहीत. आणि माझ्या मनात काय आलं ते तुला सांगते, हसू नकोस. मला वाटलं, ही आखूड असणार. भांडण झाल्यावर या सोळा दिवसांत तू गुपचूप मान उतरवली असणार, दुसरी बसवली असणार, आणि मला हाक मारायच्या आधीच गेलास. अशा गोष्टी लोक ऐकवतात ना. मी इतकी खात्री धरली की तिथेच रडायला लागले. मग तुझ्या पहिल्या गिटारीशेजारी ती उभी करून पाहिली.

चार बोटं लांब. तसूभर कमी नाही.

गिटारीच्या पोटात तुझ्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली, नेहमीसारखी, माझ्या आईच्या नावाची. माझं नाव कुठे नाही. मी भुशात बसून हसायला लागले ते थांबेना. वहिनी धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. मी सांगितलं काय वाटलं होतं ते. ती दाराला टेकून बसली आणि म्हणाली, "यानं कवा कोनाचं आयकलाय? माजं तरी?" आणि मग आम्ही दोघी हसलो, रडलो, काय केलं देव जाणे. बाहेरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, सुतकाच्या घरात या बायकांना झालंय काय.

तेव्हा मला बरं वाटलं, दादा. तू मला गोड शेवट दिला नाहीस. दिला असतास तर मला आयुष्यभर तुझ्यापुढे हात जोडून बसावं लागलं असतं. तू होतास तसाच राहिलास, म्हणून मलाही माझ्यासारखं राहता येईल. निघताना वहिनीने ती गिटार माझ्या हातात दिली. "घेऊन जा. इथं कोनासाठी टांगू?"

त्यानंतर शोकसभा झाली, ती मी सांगितलीच. आणि काल गडबला लग्न होतं, मांडव आणि हळद. कार्यक्रम तूच तीन महिन्यांपूर्वी घेतला होतास. मुलीच्या आईचा फोन आला, अवघडून म्हणाली, तुम्ही दुःखात आहात, राहू द्या. मी म्हटलं, येणार. दुपारी रियाझ आणि मी पोचलो. त्याने तुझ्या त्या शेवटच्या गिटारीला तारा लावल्या होत्या, वाजवणारही तोच होता. मांडवाचा खांब उभा राहत होता. माझ्या आईलाही खुर्चीत बसवून आणलं होतं. तिचा आवाज आता घरातल्या घरातही पोचत नाही.

रियाझने पिशवीतून एक छोटा लोखंडी चिमटा काढला. कॅपो. गिटारीच्या मानेवर आवळला की सगळ्या तारा तिथून आखूड होतात आणि सूर वर चढतो. तुला या वस्तूची शिसारी होती. मुंबईच्या एका वादकाने तुझ्या गिटारीला लावला, तर तू तो उपटून कुंडलिका नदीत भिरकावला होतास. "माझ्या गिटारीचं नरडं दाबायचं नाय!" रियाझने हा कुठल्या वर्षी आणून लपवून ठेवला, कोण जाणे.

"ताई, लोकांना तोच आवाज पाहिजे," तो म्हणाला. "त्यांनी त्याच्यासाठीच बोलावलंय. तौबा, मी लावतो, पण तू विचार कर. एकदा तुझा खरा आवाज ऐकला की तो धुरकट परत मागणार नाय कोन."

"कितव्या पट्टीवर?" मी विचारलं.

"पाचव्या."

"लाव."

इकोचं मशीन आम्ही गाडीतच ठेवलं. मी खांबाशी उभी राहिले आणि पहिली ओळ म्हटली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. धूर नाही, खोली नाही, गूढ तर काहीच नाही. एका मास्तरणीचा, जरा किनरा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. मागच्या बाजूला कोणीतरी म्हणालं, "ही ती न्हवं." मी थांबले नाही. तुझी गिटार खाली चालली होती, मी वर, आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही एकाच गावाला निघालो होतो.

दुसऱ्या ओळीला मुलीची आत्या गायला लागली. मग तिच्या शेजारच्या दोघी. मग हळदीचं ताट धरलेली, मग चुलीवरून उठून आलेली, मग सगळ्याच. चाळीस-पन्नास बायका, कोणी सुरात, कोणी सुराच्या आसपास, पण मोठ्याने. आई खुर्चीत बसून ओठ हलवत होती आणि यावेळी तिच्याबरोबर तेच शब्द सगळा मांडव म्हणत होता. गिटार त्या गलक्यात ऐकूही येईना. रियाझ वाजवत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

धवला संपला तरी बायका थांबेनात, पुढचा लागला, मग त्याच्या पुढचा. मी गात होते आणि सारखी मांडवाच्या तोंडाकडे बघत होते. स्कूटर उभी करून तू तरातरा आत येशील, सगळ्यांदेखत तो चिमटा उपटशील आणि माझ्यावर ओरडशील. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, दादा. शेवटच्या ओळीपर्यंत वाट बघितली.